आगोटीची शाकारणी

घर शाकारणे म्हणजे पावसाळ्याआधी छपराची डागडुजी करणे. कौले उतरवून झाडायची, फुटकी काढून नवी घालायची, कुजलेला वासा बदलायचा, गवती छपरावर नवा थर चढवायचा. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हे काम अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हाती घेतात आणि मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, ते उरकावे लागते. पावसाच्या तोंडावर करायच्या अशा सगळ्या तयारीला कोकणपट्टीत आगोट म्हणतात. सरपण भरणे, पेंढा झाकणे, सुकी मासळी आणि मिरची-मसाला साठवणे हीही आगोटीचीच कामे. पण हे सगळे ज्याच्याखाली ठेवायचे, त्या छपराचा मान पहिला.

हे काम गवंड्या-सुताराचे कमी आणि घरच्यांचे जास्त. त्यातले ज्ञान कागदावर फारसे उतरलेले नाही. कोणत्या वाशावर पाय द्यावा, कौल कोणत्या आवाजावरून फुटके समजावे, वारा कुठल्या कुडाला झोडपतो, हे छपरावर चढल्यावरच कळते. तरीही त्यामागे काही ठरलेले नियम आहेत, आणि गवत जाऊन पत्रा आला तरी ते बदललेले नाहीत.

पाण्याचा हिशेब

या भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर धरले आहे. एवढ्याशा छपरावरून एका पावसाळ्यात साडेबासष्ट हजार लिटर पाणी वाहून जाते. तासाला ५० मिलिमीटर वेगाची सर आली, तर त्या एका तासातच साडेबाराशे लिटर. इतके पाणी छपरावर थोपवून धरता येत नाही. त्याला वाट काढून द्यावी लागते आणि ती वाट अडू द्यायची नाही, एवढेच माणसाच्या हातात असते.

शहापूर तालुक्यातले तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तिथले पाणी मुंबईकडे उताराने जाते. डोंगराकडून समुद्राकडे जाणारी जमीनच ते काम करते. छपराचे शास्त्रही उताराचेच आहे. आढ्यापासून वळचणीपर्यंत पाण्याला कुठेही थांबावे लागू नये आणि वरच्या थरावरचे पाणी नेहमी खालच्या थराच्या पाठीवर पडावे, या दोन गोष्टी साधल्या की बहुतेक काम झाले.

उरलेली अडचण वाऱ्याची. सरळ पडणाऱ्या पावसाने घर क्वचितच गळते. गळते ते झडीने. नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस कौलांच्या सांध्यातून वर चढतो, पत्र्याच्या जोडाखाली शिरतो, कुडाची माती धुऊन नेतो. म्हणून घराची पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू आधी पाहायची असते. सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी वारा कड्यांना आपटून फिरतो, तेव्हा तिथल्या पाड्यांवर चारही बाजू राखाव्या लागतात.

गवत, कारवी आणि धूर

सर्वांत जुने छप्पर गवताचे किंवा भाताच्या पेंढ्याचे. गवताच्या काडीत पाणी अडवण्याची ताकद नसते. पण पेंढ्या दाट बसवल्या आणि उतार चांगला खडा ठेवला, की पाणी एका काडीवरून दुसरीवर घसरत वळचणीला येते आणि थराचा वरचा भागच ओला होतो. उतार कमी पडला तर पाणी रेंगाळते, खाली झिरपते आणि गवत कुजते. दरवर्षी जुन्या थरावर नवा थर घातला जातो. आतला जुना थर उपयोगी असतो, तोवर तो काढत नाहीत.

भिंती कारवीच्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा गिलावा केला की कुड तयार होतो. कुडाला पाण्याचा मारा सोसत नाही. त्यामुळे छपराची कड भिंतीच्या पुष्कळ पुढे काढलेली असते. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात आणि वळचणीखाली सरपण, नांगर, कोंबड्यांचे खुराडे यांना जागा मिळते. पागोळी जिथे पडते तिथे चर पडतो. त्या चरात दगड टाकले नाहीत, तर उडणारा चिखल कुडाचा पायथा भिजवतो. घर वरून गळते तसे खालूनही भिजते, आणि खालची ओल उशिरा लक्षात येते. झडीच्या बाजूला कुडाबाहेर पेंढ्याचे किंवा पानांचे आवरण बांधले जाते. आता तिथे प्लास्टिक दिसते.

गवती घरात चुलीचा धूर हा मोठा राखणदार होता. तो वाशांवर आणि गवतावर काजळीचा थर धरतो, आतली ओल सुकवतो आणि वाळवी-भुंग्यांना लांब ठेवतो. चूल घराबाहेर गेली किंवा गॅस आला, की डोळ्यांची आणि छातीची आग थांबते. पण वाशांना तेल किंवा औषध लावण्याचे एक नवे काम मागे लागते.

भातलावणीच्या वेळी पाठीवर घेतले जाणारे इरले हे याच छपराचे लहान रूप. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर सागाची किंवा पळसाची पाने, मधोमध कणा आणि दोन्ही अंगांना उतार. वाकून काम करताना पाणी पाठीवरून मागे ओघळावे, एवढ्यासाठी त्याची लांबी ठरते. माणसाबरोबर चालणारे हे घरच म्हणायचे. पानांच्या जागी प्लास्टिक आले तरी सांगाड्याचा आकार बदलला नाही.

कौल आणि कवडसा

कुंभाराने हाताने केलेली नळीची कौले आणि कारखान्यातली मंगलोरी कौले, असे कौलांचे दोन प्रकार या भागात आढळतात. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला आणि तिथली चपटी, खाचांची कौले पश्चिम किनारपट्टीभर पसरली. या कौलाला खिळा लागत नाही. त्याच्या पाठीमागची गाठ रिपेला अडकते, कडेच्या खाचा शेजारच्या कौलात बसतात आणि बाकीचे काम वजनावर चालते. सुटे असल्यामुळे एक फुटले तर एकच बदलावे लागते. सुटे असल्यामुळेच वारा ते उचलतो आणि वानर ते सरकवते. रानालगतच्या घरांत वानरांच्या एका उडीने पाच-सहा कौले जागची हलतात, आणि घरात कुणी नसेल तर ती तशीच राहतात.

शाकारायला दोघे लागतात: एक छपरावर, एक घरात. दुपारी दारे-खिडक्या लावून घरात अंधार केला की फटींतून कवडसे पडतात. आतला माणूस काठीने कवडशाजवळची रीप ठोकतो, वरचा त्या आवाजावर पोचतो. कवडसा सरळ खाली पडत असेल तर फट उघडी आहे. तिरका, पुसट उजेड येत असेल तर तो सांध्याचा असतो आणि त्याला हात लावायची गरज नसते. सगळेच कवडसे बुजवायला गेले तर घरातली हवा कोंडते आणि वाशांना ओल धरते.

कौले खालून वर लावतात. वळचणीची ओळ आधी, मग तिच्यावर दुसरी, असे आढ्यापर्यंत. काढताना उलटे, वरून खाली. काढलेले कौल बोटाने वाजवून पाहतात. चांगले कौल खणखणते, आतून तडकलेले बद्द वाजते. खाचांत अडकलेली पाने, माती आणि शेवाळ खरवडून काढणे हे या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम. कौल फुटल्यामुळे जितकी घरे गळतात तितकीच खाच तुंबल्यामुळे गळतात. तुंबलेल्या खाचेतले पाणी शेजारच्या सांध्यावरून आत उलटते.

आढ्यावरचे कोने चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवलेले असतात. लाकडी छप्पर उन्हाने आणि ओलीने हलते, सिमेंट हलत नाही, म्हणून तिथे दरवर्षी बारीक तडे जातात. छप्पर भिंतीला टेकते तो कोपरा आणि दोन पाखी मिळतात ती खोलगट पन्हळ, याही जागा तशाच नाजूक. छपरावर फिरताना पाय कौलाच्या मधोमध द्यायचा नसतो. खाली वासा आहे त्या रेषेवर द्यायचा. नवशिका शाकारतो तेव्हा दहा कौले बसवताना चार फोडतो, हा सगळ्यांचाच अनुभव.

पत्रा आणि स्थलांतर

गेल्या काही दशकांत गवत आणि कौले मागे पडून पत्रे आले. लाकूड महाग झाले, जंगलातून ते आणण्यावर बंधने आली आणि कौले चाळायला घरात माणसे उरली नाहीत. कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती मेअखेरीस परततात. सहा-सात महिने घर बंद. परतल्यावर मृगाला उरलेले दिवस बोटांवर मोजता येतील इतकेच. एवढ्या अवधीत गवत कापलेले नसते आणि कौलांना पैसे नसतात. पत्रा एकदा घातला की विसरता येतो, ही त्याची मोठी ओढ.

भट्टीवरचे बिऱ्हाडही छपराखालीच असते, पण कसल्या? मातीशिवाय रचलेल्या विटांच्या भिंती, वर काठ्या, पेंढा आणि प्लास्टिक. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने मिळते. अवकाळी पावसाचे ढग आले की प्लास्टिक आधी कच्च्या विटांवर ओढले जाते, झोपडीची पाळी नंतर येते. भिजलेल्या विटेची मजुरी बुडते. भिजलेले अंथरूण दुसऱ्या दिवशी वाळवता येते. प्लास्टिक बांधण्याची रीत तिथे चांगली कळते. ते सपाट पसरले की मध्ये झोळ पडतो, झोळात पाणी साचते आणि त्या वजनाने फाटते. म्हणून खाली आडवी काठी किंवा ताणलेली दोरी देऊन कणा करायचा, कडा विटांनी दाबायच्या आणि वाऱ्याच्या बाजूची कड दुमडून आत घ्यायची. उन्हात राहिलेले पातळ प्लास्टिक एका हंगामात कडक होऊन तडकते. तेच पुढच्या वर्षी वापरणे फसवे ठरते.

पत्रा स्वतः गळत नाही, त्याला पाडलेली भोके गळतात. पन्हळी पत्र्यात भोक नेहमी उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागातून पाणी वाहते, तिथे पाडलेले भोक आज ना उद्या गळणारच. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा रात्रीच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत चाळीस अंशांनी तापला, तर सुमारे दीड मिलिमीटर वाढतो आणि संध्याकाळी पुन्हा आखडतो. रोजच्या या ये-जा करण्याने हुकाखालचे रबरी किंवा डांबरी वायसर झिजते आणि भोक मोठे होते. पत्रा विसरता येत नाही तो याच कारणाने. दर वर्षी वायसर तपासणे आणि सैल हुक आवळणे ही त्याची शाकारणी. आवळतानाही बेताने; जोर जास्त झाला तर वायसर चेपून फाटते आणि पत्र्याला खळगा पडतो.

दोन पत्र्यांच्या जोडात दुसरी गंमत आहे. एकमेकांना चिकटलेल्या दोन पृष्ठभागांमधून पाणी स्वतःहून वर चढते, जसे वातीतून तेल चढते. म्हणून वरचा पत्रा खालच्यावर निदान वीतभर यायला हवा. बाजूचा जोड वाऱ्याला पाठ देऊन ठेवायचा, म्हणजे वारा वरच्या पत्र्याच्या कडेखाली शिरणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोकणात हजारो घरांचे पत्रे आणि कौले उडाली. वारा छपराला दाबत नाही, वर ओढतो. पत्र्यांवर दगड ठेवण्यापेक्षा वासे मेढींना घट्ट बांधणे जास्त उपयोगाचे, हे अशा वेळी कळते.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते कोरडे कापू किंवा फोडू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसाला घातक आहे. शिवाय ते वरून दणकट दिसले तरी माणसाच्या वजनाने एकदम तुटतात. फळी आडवी टाकून तिच्यावरूनच चालावे.

स्लॅबची घरे आली तरी गळती गेली नाही. स्लॅब सपाट असतो, त्यामुळे उतार मुद्दाम द्यावा लागतो. कठडा आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात गवंडी मसाल्याचा गोल वाटा मारतो, म्हणजे पाणी काटकोनात अडून बसत नाही. तो वाटा सुटला की भिंतीला ओल येते. अनेक घरांवर आता स्लॅबच्या वर पत्र्याची शेड दिसते.

चाकांवरचे छप्पर

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. गाडीत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली फिरती घरे, तसेच गाडीमागे ओढायची ट्रेलर घरे त्यात मोडतात. तानसा-माळशेजच्या पट्ट्यात शेतघरांच्या आवारात लोखंडी केबिन आणि कंटेनरची घरेही उभी राहू लागली आहेत. या छपरांना आढे नाही, वळचण नाही आणि उतार नावापुरता. कौलारू घर जे उताराने साधते, ते इथे सांधे भरणाऱ्या लांबीवर सोपवलेले असते.

रस्त्याच्या धक्क्यांनी ट्रेलरचा सांगाडा पिळवटतो, म्हणून त्याचे सांधे घराच्या सांध्यांपेक्षा लवकर उघडतात. छत आणि भिंत मिळते ती कड, छतातला झरोका, खिडक्यांच्या चौकटी, दिव्यांच्या तारांची भोके, या जागा वर्षातून दोनदा तपासाव्यात: पावसाआधी आणि दिवाळीनंतर. चौकटीखाली ब्यूटाइलची मऊ चिकटपट्टी आणि वरून छताच्या जातीला चालणारी लांबी, अशी जोडी टिकते. जुन्या लांबीवर नवी थापू नये. आधी खरवडून, पुसून, वाळवून घ्यावे. सिलिकॉन एकदा लागले की त्यावर दुसरे काही नीट चिकटत नाही, म्हणून ते छतावर टाळावे.

असे घर पावसाळाभर एका जागी उभे करायचे असेल तर त्याची एक बाजू किंचित खाली ठेवावी, म्हणजे छतावर पाणी साचत नाही. चाके मातीत न ठेवता फळ्यांवर किंवा दगडांवर घ्यावीत. त्याच्यावर स्वतंत्र पत्र्याची शेड करणे सर्वांत चांगले. ताडपत्री घातली तर ती अंगाला चिकटवून गुंडाळू नये. हवा खेळायला वीतभर जागा ठेवावी. गुंडाळलेल्या ताडपत्रीखाली ओल कोंडून बुरशी धरते आणि आतले प्लायवूड फुगते. झाडाखाली उभे केल्यास पाने साचतात आणि फांदी पडण्याची भीती राहते. जमिनीचे प्लायवूड कोपऱ्यांत अंगठ्याने दाबून पाहावे. ते मऊ लागले तर गळती बरीच जुनी आहे.

बंद केबिनमध्ये श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्यावर जमून थेंब पडतात. ही गळती नव्हे, घाम. बाहेर कोरडे असतानाही थेंब पडत असतील तर लांबी न भरता खिडकी उघडावी.

गळती शोधणे

थेंब जिथे पडतो तिथे भोक क्वचितच असते. पाणी आत शिरले की वाशाच्या, रिपेच्या किंवा पत्र्याच्या खालच्या अंगाला धरून उताराने पुढे जाते आणि गाठ, खिळा किंवा सांधा भेटला की तिथे सुटते. म्हणून थेंबापासून उताराच्या उलट दिशेने वर शोधत जायचे. शंका असेल तर छपरावर पाणी ओतून पाहायचे, पण खालच्या ओळीपासून सुरुवात करून एकेक ओळ वर सरकायचे. एकदम आढ्यावर ओतले तर सगळीकडे ओले होते आणि काहीच कळत नाही. केबिन किंवा ट्रेलर असेल तर आत पंख्याने हवा भरून बाहेरच्या सांध्यांवर साबणाचे पाणी फासतात. जिथे बुडबुडे येतात तिथे फट असते.

काही ओल थांबत नाही. दगडी धरणातूनही पाणी झिरपते. अभियंते ते मोजतात, नाळीतून बाहेर काढतात आणि मोजमाप अचानक वाढले तरच काळजी करतात. घराचेही तसेच आहे. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी दोन थेंब पडत असतील तर त्याखाली पातेले ठेवून भागते. नव्या जागी थेंब आला तर मात्र तो त्याच आठवड्यात पाहावा लागतो.

पावसात छपरावर चढून केलेली दुरुस्ती बहुधा आणखी चार कौले फोडते. शेवाळाने पाय घसरतो, ओला सांधा लांबी धरत नाही. तेव्हा आतून प्लास्टिक बांधून पाणी भांड्यात वळवायचे आणि थेंबाच्या जागेवर भिंतीला, वाशाला कोळशाने खूण करून ठेवायची. परतीचा पाऊस सरला की ओल महिनाभरात सुकते आणि गळतीचा माग उरत नाही. कोळशाची खूण वैशाखातही दिसते.